जुन्या शंभर सीसीला प्लगला करंट नाही: सीडीआय विकत घेण्याआधी काय मोजायचं?

दहाचा पाना

गाडी बंद पडली आणि प्लगला करंट दिसला नाही, की गॅरेजमध्ये पहिला निकाल लागतो, "सीडीआय गेला." नवा सीडीआय (प्लगला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बसतो, गाडी दोन दिवस चालते, पुन्हा थांबते. मग एचटी कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज चढवणारी), मग प्लग, मग चावीचं स्विच. शेवटी कोणीतरी मॅग्नेट (क्रँकवर फिरणारं चुंबकांचं चाक) उघडतो आणि खरा आजार सापडतो. हा उलटा क्रम मोडावा म्हणून हा धागा काढतोय.

आधी व्याप्ती सांगतो. हिरो होंडाची १९८५ ची सीडी१००, १९९४ ची ९७.२ सीसीची स्प्लेंडर आणि त्यांच्या घराण्यातल्या होंडा पद्धतीच्या वायरिंगच्या जुन्या गाड्या. यांत एसी सीडीआय असतो, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. बॅटरी काढून ठेवली तरी किकवर गाडी चालू व्हायला हवी. म्हणून "बॅटरी उतरली, त्यामुळे स्पार्क नाही" हे निदान या गाड्यांना लागू नाही.

आत काय घडतं ते थोडक्यात. मॅग्नेटखालच्या प्लेटवर बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची सोर्स कॉइल असते. मॅग्नेट फिरला की ती शंभर-दोनशे व्होल्टचा एसी करंट देते. सीडीआयमधला डायोड त्यातली अर्धी लाट घेऊन कपॅसिटर भरतो. मॅग्नेटच्या बाहेरच्या कडेवरचा उंचवटा पिकअप कॉइलसमोरून गेला, की पिकअप एक छोटा पल्स देते. त्या पल्सने सीडीआयमधला एससीआर (पल्सवर चालणारं इलेक्ट्रॉनिक स्विच) उघडतो आणि भरलेला कपॅसिटर एका झटक्यात एचटी कॉइलच्या प्रायमरीत (कमी वेढ्यांच्या बाजूत) रिकामा होतो. तिथून प्लगला हजारो व्होल्ट.

म्हणजे सीडीआयला पाचच गोष्टी लागतात आणि सॉकेटमध्ये त्यांचे रंग ठरलेले असतात. काळी-लाल ही सोर्स कॉइल. निळी-पिवळी पिकअप. काळी-पिवळी एचटी कॉइलकडे जाते. हिरवी अर्थ. काळी-पांढरी चावीच्या स्विचकडे (हँडलवर किल स्विच असेल तर त्याच्याकडेही), आणि ही अर्थ झाली की गाडी बंद. शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. इथे चावी चालू केल्यावर करंट "येत" नाही, चावी बंद केल्यावर सोर्स कॉइलचा करंट अर्थमध्ये घातला जातो. त्यामुळे काळी-पांढरी कुठेही चासीला चिकटली तर बाकी सगळं ठणठणीत असूनही ठिणगी मिळणार नाही.

तपासण्याचा क्रम:

१. प्लग काढा, एचटी वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये घाला, प्लगचं लोखंड इंजिनच्या हेडला घट्ट टेकवा आणि जोरात किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. भोकावर फडकं टाका. प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की तो ताण एचटी कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनवर आणि सीडीआयवर येतो.

२. ठिणगी नसेल तर दुसरा प्लग लावून बघा. प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मि.मी. सीडीआयची ठिणगी चढते झटकन पण टिकते फार थोडा वेळ. गॅप जास्त झाली की आधी ती उंच आरपीएमला चुकते आणि मग किकला.

३. कॅप पिळून काढा. बहुतेक कॅपमध्ये ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. मीटरवर १० किलोओहमच्या वर किंवा उघडं सर्किट दाखवलं तर कॅप बाद. एचटी वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर ५ मि.मी. कापून कॅप पुन्हा पिळून बसवा. कॅपच्या आतला स्क्रू वायरच्या तांब्यात नीट घुसला पाहिजे.

४. सीडीआयच्या सॉकेटजवळ काळी-पांढरी सोडवा आणि पुन्हा किक मारा. ठिणगी आली तर दोष स्विचमध्ये किंवा त्या वायरीत. सीडीआय निर्दोष. फक्त या अवस्थेत गाडी चालू झाली तर चावीने बंद होणार नाही. गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच हळू सोडून बंद करा.

५. तरीही नाही, तर सीडीआयचं सॉकेट उपसा आणि वायरिंगच्या बाजूने मोजा. काळी-लाल ते हिरवी साधारण १०० ते ४०० ओहम. निळी-पिवळी ते हिरवी साधारण ५० ते २०० ओहम. काळी-पिवळी ते हिरवी जवळजवळ शून्य, म्हणजे एक ओहमच्या आत, कारण ती एचटी कॉइलची प्रायमरी आहे. कॅप काढून एचटी वायर ते अर्थ साधारण २ ते ५ किलोओहम. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

सॉकेटवर मोजण्याचा फायदा असा की कॉइल, मधली वायर, कपलर (वायरींचा जोड) आणि अर्थ हे सगळं एका मापात येतं. सॉकेटवर आकडा चुकला तर खाली मॅग्नेटच्या कपलरवर जा आणि तिथे पुन्हा मोजा. तिथे बरोबर आला तर मधली वायर तुटली आहे.

---

ओहमराव

उत्तम. मोजणाऱ्यांसाठी थोडी भर.

मीटरच्या दोन्ही काड्या आधी एकमेकींना टेकवा. स्वस्त मीटर तिथेच ०.३ ते ०.५ ओहम दाखवतो, तो आकडा प्रायमरीच्या मापातून वजा करा. नाहीतर चांगल्या कॉइलवर संशय येतो.

हिरवी वायर धरून मोजल्यावर तेच माप इंजिनच्या उघड्या धातूला काडी लावून पुन्हा घ्या. दोन आकड्यांत फरक आला तर अर्थिंग खराब. जुन्या गाडीत चासीला जाणारा अर्थचा बोल्ट रंगाखाली किंवा गंजाखाली असतो. खरवडून लखलखीत करा आणि खाली दातेरी वॉशर घाला.

आणि मुख्य म्हणजे ओहम बरोबर आले म्हणून कॉइल चांगली, असं नाही. मीटर दीड-दोन व्होल्टने मोजतो, कॉइल दोनशेवर काम करते. आतल्या वेढ्यांचं एनॅमल कमजोर झालं असेल तर मीटरला कळत नाही. त्यासाठी किक मारताना पीक व्होल्टेज, म्हणजे त्या क्षणाचं सर्वांत जास्त व्होल्टेज, मोजावं लागतं. होंडाच्या मॅन्युअलमधली किमान मर्यादा सोर्सला १०० व्होल्ट, पिकअपला ०.७ व्होल्ट, एचटी कॉइलच्या प्रायमरीला १०० व्होल्ट. साधा डिजिटल मीटर एसीवर ठेवून किक मारली तर ४०-६० असा उड्या मारणारा आकडा येतो, कारण मीटर हळू आणि किक क्षणाची.

पीक अडॅप्टर घरी होतो. १एन४००७ डायोड, १ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर आणि त्याच्या दोन टोकांवर समांतर २.२ मेगओहमचा रेझिस्टर. डायोडमधून कपॅसिटर भरतो, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून कपॅसिटरवर वाचायचं. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तिन्ही वस्तू एका दुकानात मिळतात. आकडा शून्य आला तर काड्या उलट्या करून पुन्हा किक मारा, बऱ्याच सीडीआयचा प्रायमरीकडचा पल्स उलट्या ध्रुवाचा असतो. पिकअपसाठी हे जुगाड वापरू नका. डायोडच ०.६ व्होल्ट खातो, मग ०.७ चं माप काय घेणार!

माप झाल्यावर कपॅसिटर रिकामा होईपर्यंत हात लावू नका. किक मारताना काळी-लालचं उघडं टोकही बोटात धरू नका, झटका सणसणीत असतो.

---

किकबाज

नेमकी हीच अडचण आहे. होंडा पद्धतीच्या रंगांची जुनी शंभर सीसी. थंड असताना पहिल्या किकला चालू. दहा-बारा किलोमीटरनंतर बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्या किकला चालू. सीडीआय नवा, प्लग नवा. सॉकेटवर थंड मापं: सोर्स २३०, पिकअप ११८, प्रायमरी मीटरची चूक वजा करून ०.४, एचटी वायर ३.४ किलोओहम. सगळं बसतंय. पुढे काय?

---

दहाचा पाना

थंड मापांचा इथे काही उपयोग नाही. आजार गरम असतानाचा आहे, तेव्हा माप गरम असतानाच हवं.

पण त्याआधी पेट्रोल बाजूला काढा, कारण टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की लक्षण हुबेहूब हेच असतं. पेट्रोल उतरतं, टाकीत निर्वात तयार होतो, कार्ब्युरेटर कोरडा पडतो, गाडी थांबते. थोडा वेळ गेला की हवा झिरपते आणि गाडी चालू. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. "फस्स" आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर सगळी इलेक्ट्रिकची पेटी बंद करून ठेवा.

बंद पडतानाची रीतही बघा. पेट्रोल संपत आलं की गाडी आधी ओढ सोडते, चोक दिला की दहा-वीस मीटर सावरते. करंट गेला की चावी फिरवल्यासारखी एकदम मरते. कधी सायलेन्सरमध्ये एक फटका देऊन.

झाकण निर्दोष असेल तर बंद पडल्यावर पाच मिनिटांच्या आत दोन कामं करा. सोबत नेलेला दुसरा प्लग कॅपमध्ये घालून ठिणगी बघा. नसेल तर सीडीआयचं सॉकेट उपसून सोर्स आणि पिकअपचे ओहम घ्या. सायलेन्सर आणि हेड तापलेलं असतं, हातमोजे ठेवा.

---

निळी ठिणगी

रस्त्यावर नको असेल तर घरीही करता येतं. मॅग्नेटचं कव्हर उघडा (काही इंजिनांत मॅग्नेट तेलात असतो, खाली ट्रे ठेवा), मीटर कपलरवर लावून ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने प्लेटच्या बाजूला गरम हवा द्या. दहा-पंधरा मिनिटं लागतात. हीट गन वापरणार असाल तर लांबून, नाहीतर ऑइल सील आणि वायरीचं रबर वितळेल.

आकडा वाढला म्हणून घाबरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. तीस अंशांना २३० ओहम असलेली चांगली कॉइल नव्वद अंशांना २८० च्या आसपास जाणारच. संशय तेव्हा घ्यायचा जेव्हा आकडा उडी मारतो, खाली येतो किंवा मीटर एकदम उघडं सर्किट दाखवतो. खाली आला तर वेढे आपसात शॉर्ट होतायत. उघडं दाखवलं तर तार किंवा तारेचा टाका तापून सुटतोय.

एचटी कॉइलही अशीच तापवून बघता येते, फक्त ती टाकीखाली असते आणि मॅग्नेटइतकी तापत नाही. म्हणून गरम झाल्यावर मरणाऱ्या गाडीत पहिला संशय सोर्स कॉइलवर.

---

किकबाज

झाकणाचा आवाज नाही, उघडून चालूही होत नाही. गरम मापं घेतली. पिकअप १४०, स्थिर. सोर्स थेट उघडं सर्किट. वीस मिनिटांनी मीटर आपोआप २६० वर आला. मॅग्नेटच्या कपलरवरही तेच, म्हणजे मधल्या वायरीचा प्रश्न नाही.

आता प्रश्न असा की नवी प्लेट घ्यावी की सोर्स कॉइल रिवाइंड (नव्या तारेने पुन्हा गुंडाळून) करावी?

---

रिवाइंडिंग कट्टा

मिळत असेल तर नवी प्लेट, पण पाकिटावरचं कंपनीचं सील तपासून. पुण्यात नाना पेठेत एकाच मॉडेलच्या तीन प्रतींच्या प्लेटी मिळतात आणि हलक्या प्रतीत सोर्स कॉइलचे वेढे कमी असतात. गाडी चालू होते पण किक जास्त जोरात लागते, कारण कमी फेऱ्यांवर कपॅसिटर पुरता भरत नाही. विकत घेताना दुकानातच मीटर लावा. तुमच्या जुन्या कॉइलचा थंड आकडा २३०. नवीत ९०-१०० दिसले तर परत ठेवा.

रिवाइंडिंग करणार असाल तर कारागिराला चार गोष्टी स्पष्ट सांगा.

तारेचा गेज जुन्या तारेवर मायक्रोमीटर लावून घ्यायचा, अंदाजाने नाही. वेढे मोजायचे. निदान जुन्या तारेचं वजन करून तितकीच तार घालायची.

गुंडाळण्याची दिशा आणि कुठलं टोक अर्थला, हे सोडवण्याआधी कागदावर काढून ठेवायचं. हे उलटं झालं तर सीडीआयला हवी ती अर्धी लाट चुकीच्या वेळी मिळते. मीटरवर ओहम अगदी बरोबर, किकवर ठिणगी मात्र नाही किंवा दुबळी. असं काम झालं की लोक दोन महिने सीडीआय बदलत बसतात.

बारीक तार जिथे जाड वायरीला जोडतात तो टाका हा या कॉइलचा सगळ्यात कच्चा भाग. तुमच्या लक्षणावरून बहुधा तोच सुटतोय. तिथे तारेला थोडा ढील द्यायचा, टाका रोझिन फ्लक्सने घालायचा. अ‍ॅसिडचा फ्लक्स लावला की सहा-आठ महिन्यांत तार आतून खाल्ली जाते.

आणि वार्निश. गुंडाळून झाल्यावर इन्सुलेटिंग वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवायचं. नुसता अ‍ॅरल्डाइट फासून दिलेली कॉइल घेऊ नका. तापल्यावर तो आणि तांबं वेगवेगळं फुगतं आणि तार ओढली जाते. कंपनही सोसत नाही.

---

घाटवळण

पावसाळ्यासाठी वेगळा परिच्छेद हवाच. कोकणात जून लागला की निम्म्या "सीडीआय गेला" तक्रारी पाण्याच्या असतात.

अंधारात गाडी चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने एचटी वायर, कॅप आणि कॉइलवर बारीक फवारा मारा. इन्सुलेशन फुटलं असेल तिथे निळी रेघ नाचताना दिसते. कॅपचं रबरी बूट कडक झालं असेल तर तेवढंच बदला. बूटच्या आत सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. चेनचं ग्रीस नको, ते रबर खातं.

चावीच्या स्विचमध्ये पाणी आणि गंज साचला की काळी-पांढरी अर्धवट अर्थ होते. मीटरवर हे सापडतं. चावी चालू ठेवून, सीडीआयचं सॉकेट काढून, स्विचच्या बाजूने काळी-पांढरी ते हिरवी मोजा. उघडं सर्किट असायला हवं. काही हजार ओहम जरी दिसले तरी सोर्सचा करंट तिथून गळतोय. चावी बंद केल्यावर शून्याजवळ यायला हवं.

हँडलच्या मानेजवळची जागाही बघा. हार्नेस (वायरींचा जुडगा) तिथे वर्षानुवर्षं वळतो. गाडी आयडलला ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे करा. एका बाजूला गाडी गचके खात असेल किंवा मरत असेल तर तिथली वायर सोलली आहे. वरची टेप काढून प्रत्येक वायर वाकवून बघा, वरून अखंड दिसणारी वायर आतून तुटलेली असते.

मॅग्नेटमधून येणाऱ्या वायरी पुढच्या स्प्रॉकेटजवळून जातात. चेनच्या ग्रीसने त्यांचं आवरण आधी फुगतं, मग कडक होऊन तडकतं. क्लिप तुटली की वायर चेनला घासते. स्प्रॉकेट कव्हर काढल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून कोणी बघतही नाही.

---

दोन स्ट्रोक

१९८५ ते १९९६ मधल्या यामाहा आरएक्स१०० वाल्यांसाठी सावधगिरी. इथले रंग तिकडे लावू नका. यामाहात अर्थ काळी असते, हिरवी नाही. एचटी कॉइलकडे जाणारी केशरी. बंद करणारी काळी-पांढरी मात्र दोन्हीकडे सारखी. होंडाचा तक्ता बघून यामाहाची काळी वायर "जिवंत" समजणारे बरेच भेटतात.

क्रम तोच, तत्त्व तेच. पण दोन स्ट्रोकमध्ये एक फसवणूक जास्त आहे. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील गेलं की तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि गरम झाल्यावर आरपीएम आपोआप चढते, गाडी नीट आयडल धरत नाही. लोक टायमिंग आणि पिकअप बदलत बसतात. प्लेट काढली आहेच तर सीलभोवती तेलाचा ओलसर डाग आहे का बघा. असेल तर सील आधी. तेच तेल सोर्स कॉइलवर उडून तिचं आवरणही मऊ करतं.

आणखी एक. दोन स्ट्रोकचा प्लग काजळीने भरला की ठिणगी इन्सुलेटरवरूनच घसरून जाते. बाहेर काढून हवेत दिसते, आत दाबाखाली उडत नाही. म्हणून "बाहेर करंट दिसतोय" हा पुरावा अर्धाच.

---

ओहमराव

शेवटच्या मुद्द्याला +१. उघड्या हवेत प्लगच्या ०.७ मि.मी.वर उडणारी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली उडेलच असं नाही. म्हणून गॅप टेस्टर घ्या, किंवा जुन्या प्लगची बाजूची दांडी कापून टाका. मधल्या काडीपासून कडेपर्यंतचं अंतर बरंच वाढतं. तिथे निळसर, टक्क आवाजाची ठिणगी उडाली तर एचटी बाजू मजबूत. बारीक, पिवळट आणि मधूनमधून चुकणारी असेल तर सोर्स किंवा एचटी कॉइल अशक्त.

---

निदान आधी

थोडं दुमत. धागा वाचून नवख्याला वाटेल की सीडीआय कधी जातच नाही. जातो, आणि जायची त्याची ठरलेली कारणं आहेत. प्लग न टेकवता किक मारणं, कॅप सुटलेल्या अवस्थेत गाडी पळवणं, गाडीला वायर न सोडवता वेल्डिंग करणं, आणि बाजारातला "रेसिंग" सीडीआय डबा.

मग ओळखायचा कसा? मीटरने सीडीआयच्या पिनांमधले ओहम मोजून निकाल देणारे तक्ते फिरतात. ते त्या एका मीटरसाठी असतात. आत डायोड आणि एससीआर आहेत, मीटर बदलला की आकडे बदलतात. डिजिटल मीटरवर तर निम्मे आकडे उघडेच दिसतात. भरवशाची रीत वजाबाकीची: सोर्स पीक १०० च्या वर, पिकअप ०.७ च्या वर, एचटी कॉइलचे दोन्ही ओहम बरोबर, अर्थ बरोबर, काळी-पांढरी सोडवलेली, आणि तरीही प्रायमरीवर पीक नाही. एवढं जमलं की सीडीआय दोषी, आणि मगच पैसे काढा. दुसऱ्या चालू गाडीतला तोच सीडीआय आणून बघणं हा त्याहून सोपा पुरावा. पण आपला संशयित डबा चालू गाडीत लावायची घाई करू नका, आधी मापं.

सीडीआयचा एक आजार ठिणगी असतानाही दिसतो. आयडलला छान, रेस केली की ठराविक आरपीएमच्या वर फटफट. आधी प्लगची गॅप, मग पिकअप आणि उंचवट्यामधली फट, मग उंचवट्यावरचा गंज आणि चिकटलेली लोखंडाची कीस साफ करा. या सगळ्यानंतरही राहिलं तर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावा. मॅग्नेटवर टी खूण म्हणजे पिस्टन अगदी वर, एफ खूण म्हणजे आयडलची ठिणगी. आयडलला एफ खूण इंजिनच्या केसवरच्या खुणेसमोर थांबलेली दिसायला हवी आणि रेस केल्यावर ती सरकायला हवी. सरकत नसेल किंवा नाचत असेल तर सीडीआय किंवा पिकअप.

टी खूण केसवरच्या खुणेसमोर आणली तरी पिस्टन अगदी वर नसेल तर मॅग्नेटची चावी कापली गेली आहे. टायमिंग लाइटवर एफ खूण तेव्हाही जागेवरच दिसते, कारण खूण आणि उंचवटा दोन्ही मॅग्नेटवरच असतात. क्रँक आणि मॅग्नेटमधली ती अर्धगोल छोटी चावी. किक उलटी लाथ मारते, कार्ब्युरेटरमधून फटका येतो. ठिणगी मात्र झकास दिसते, म्हणून निदान भरकटतं.

---

नवा चाक

माझ्या गाडीत चावी चालू केल्यावर सीडीआयच्या सॉकेटवर एका वायरीला १२ व्होल्ट येतात. ती कुठली?

---

दहाचा पाना

मग तो डीसी सीडीआय आहे, या धाग्यातली सोर्स कॉइलची मापं तुम्हाला लागू नाहीत. त्यात बॅटरीचे १२ व्होल्ट डब्याच्या आतच वाढवले जातात. आधी बॅटरी, फ्यूज, चावीचं स्विच, आणि किक किंवा सेल्फ मारताना सॉकेटवरचे व्होल्ट किती कोसळतात ते बघा. पिकअप, एचटी कॉइल आणि कॅपची तपासणी मात्र जशीच्या तशी. एसीचा डबा डीसीच्या गाडीत किंवा उलट, सॉकेट बसतंय म्हणून लावू नका.

किकबाज, प्लेट काढताना: मॅग्नेट त्याच मॉडेलच्या पुलरनेच काढा. कडेवर हातोडी मारली की आतले चुंबक तडकतात किंवा कमजोर होतात, आणि मग नव्या कॉइललाही व्होल्टेज मिळत नाही. ती अर्धगोल चावी खाली पडून हरवते, आधी चिमट्याने काढून ठेवा. बसवताना क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटची आतली बाजू पेट्रोलने पुसून कोरडी करा, तिथे तेल किंवा ग्रीस नको. मॅग्नेटच्या आत एखादा स्क्रू चिकटून राहिलाय का ते हात फिरवून बघा.

---

किकबाज

नवी प्लेट बसवली. सोर्स थंड २२५, ड्रायरने तापवून २७४, सलग. घरी केलेल्या अडॅप्टरवर किकचं पीक १५० च्या पुढे. एफ खूण जागेवर आहे. जुना सीडीआय परत लावून पाहिला, त्यावरही ठिणगी तितकीच, म्हणजे तो गेलेलाच नव्हता.

एक राहिलं: नव्या प्लेटच्या वायरींना क्लिप नाही आणि त्या स्प्रॉकेटकडे लोंबतायत.

---

घाटवळण

जुन्या प्लेटची पत्र्याची क्लिप काढून तीच वापरा, नवी प्लेट बहुधा क्लिपशिवायच येते. वायरींवर पीव्हीसीची नळी चढवा, नुसती टेप ग्रीसने सुटते. रबरी ग्रोमेट केसच्या खाचेत पुरतं बसलंय का बघा, नाहीतर कव्हर घट्ट करताना वायर चिमटते. स्प्रॉकेट कव्हर लावण्याआधी मागचं चाक हाताने फिरवून चेन कुठे टेकत नाही ना, तेवढं पाहून घ्या.